पहाटे चारचा चुना

पिंपळगावला, मटार गोठवतात त्या खोलीत
एक फळी मागून घेतलीय मी.
मालक म्हणाला, भाडं राहू द्या,
फक्त वास मारता कामा नये.
चुन्याला वास नसतो, मी म्हटलं.
भागूजी बेलदार मान हलवत राहिला.
त्याला येतो.

अठ्ठेचाळीस पट्ट्या. वीतभर लांब, बोटभर जाड,
प्रत्येकीच्या पोटात एक जाळी.
रात्रभर उणे अठरा, दिवसभर कोमट पाणी,
हे झालं एक चक्र.
वहीत चार रेघा उभ्या, पाचवी तिरकी,
येवल्याला अब्बा मागावर बसून
काठातले मोर असेच मोजायचे.

जाळी काळी, थोडी चकाकणारी.
कशाची? भागूजीनं विचारलं होतं.
दगडाची. काळा पाषाण भट्टीत वितळवतात
आणि त्याचं सूत ओढतात.
त्यानं एक धागा करंगळीभोवती गुंडाळला.
चाळीस वर्षं ज्याच्याशी छिन्नीनं भांडला
तो नखाला असा वळसा घेतोय,
बघून त्याला जरा वाईटच वाटलं असावं.
मग म्हणाला, म्हणजे भिंतीच्या भावकीतलीच की.

पाणी गोठलं की फुगतं.
शंभराला नऊ, फार नाही.
पण ज्या छिद्रात ते बसलंय ते काठोकाठ भरलेलं असेल
तर नऊला जायला वाट नसते,
मग वाट पाडली जाते.

सातव्या चक्राला कडा भुरभुरल्या.
अकराव्याला पापुद्रे.
विसाव्याला मी जाळीचं टोक चिमटीत धरलं
आणि ती सरळ निघून आली,
पेंढीतून काडी यावी तशी,
एकही सूत न तुटता.
अब्बा असते तर म्हणाले असते,
ताणा चांगला आहे बेटा, धरणारं कोणी नाही.

शेवटच्या ट्रेवर खडूनं ‘भ’ लिहिलेलं.
भागूजीच्या सहा पट्ट्या. मान म्हणून ठेवल्या होत्या मी,
खरं सांगायचं तर.
त्यात विटेची सुर्खी, हिरड्याचं पाणी, गूळ,
आणि मळताना झालेले बुडबुडे,
जे माझ्या नियमात दोष म्हणून लिहितात.
माझा चुना कार्तिकातला, महिनाभराचा.
त्याचा शिमग्यातला, नऊ महिने वारा प्यायलेला.
पन्नास रेघा पूर्ण झाल्या.
सहापैकी पाच वाजवल्या तर अजून टणटणतात.
सहावी माझ्या हातून पडली.

नाशिकहून सरांचा फोन, प्रमाण काय?
मी भागूजीला विचारलं.
फावड्याला माहीत, तो म्हणाला,
आणि ओला चुना फावड्याला कसा चिकटतो
ते हातानं दाखवलं.
तो रकाना अजून कोरा आहे.

कादवेच्या काठी धर्मशाळा,
उत्तरेची भिंत पोट काढून उभी.
तिच्यावर चार पट्टे लावलेत आम्ही, हातभर रुंद.
तिसरा माझ्या कच्च्या चुन्याचा,
मुद्दाम, कधी उकलतो ते बघायला.
काल पेपरात निफाडचा पारा होता,
आज पहाटे चारला मी स्कूटी काढली.
बागांमध्ये शेकोट्या, ओला धूर खाली बसलेला,
घडांवर पोरं टॉर्च मारत फिरतायत.
वाटेतल्या गवतावर पांढरं काही,
बूट टाकला की मोडणारं.

भिंतीशी पोचले तर
तिसऱ्या पट्ट्यावर गोणपाट.
वरून दोन दगड, खाली दोन,
आणि मध्ये एक जुनी घोंगडी, ओळखीची.

प्रयोग बिघडला.
त्याला सांगितलं होतं, हात लावायचा नाही.
नदीकडून खाकरल्याचा आवाज आला,
मी वळून पाहिलं नाही.
गोणपाटाखाली हात घातला.
चुना गार होता, पण कोरडा.

वहीत तारीख घातली, वेळ, तापमान उणे एक.
पट्टा तीन : झाकलेला.
कोणी, ते लिहायला रकाना नव्हता.